हात निरोगी आहे

२ मार्च
नवीन घर छान आहे. दोनच खोल्या, पण खिडकी मोठी आणि समोरच हॉस्पिटल. लेकीने आल्या आल्या भिंतीवर मांजर काढून टाकलं. घरमालकांना काय सांगायचं यावरून आम्ही तिघं पोट धरून हसलो. स्तनाचा कॅन्सर मेंदूत पोचलाय, डाव्या हातात कप धरवत नाही, आणि हसतोय. सर्जन म्हणाले, गाठ एकच आहे, वरवर आहे, काढता येईल. नणंद फोनवर म्हणाली, नशीबवान आहेस. कॅन्सर डोक्यात चढूनही माणूस नशीबवान ठरतं, हे आजच कळलं.

६ मार्च
उद्या ऑपरेशन. मी बरी होईन ना, असं सर्जनना विचारलं. ते खुर्ची ओढून जवळ बसले. "बरं करायला नाही, वेळ मिळवायला करतोय. गाठ काढली की दाब उतरेल, हात सुधारेल. उरलंसुरलं रेडिएशनने मारू."
परतताना नवरा म्हणाला, बघ, सुधारेल म्हणाले. त्याने तेवढंच ऐकलं.

१५ मार्च
डोक्यावर टाके आहेत, पण हात परत आला. लेकीची वेणी घातली, दोन्ही हातांनी. नवरा दाराआड जाऊन रडला.

९ एप्रिल
रेडिएशन संपलं. सकाळी उजव्या हाताने गाऊनची बटणं लावत होते आणि डावा ती सोडत होता. थांब म्हटलं, थांबला नाही. जेवताना ताट ढकललं — मी नाही, त्याने. बोटं माझी, अंगठी माझी. डोळे मिटले की मात्र तिकडे दुसरंच कुणीतरी बसलेलं. नवरा म्हणाला, थकवा असेल.

११ एप्रिल
वेणी घालताना डाव्याने लेकीचे केस मुठीत धरले. ती आधी हसली. मग म्हणाली, "आई, सोड ना."
मी सोडतच होते.
नवऱ्याने एकेक बोट उलगडलं. मुठीत केस राहिले.

१३ एप्रिल
नवा स्कॅन. आता बऱ्याच गाठी, खोलवर. परत कापा म्हटलं. तिथे सुरी घातली तर तुम्हीच उरणार नाही, सर्जन म्हणाले. मग हात कापा, म्हटलं. ते म्हणाले, "हात निरोगी आहे."

१५ एप्रिल
लेकीला आत्याकडे पाठवलं. हात ओढणीने खुर्चीला बांधते. बघावं तर — सुटलेला.

१८ एप्रिल
डावीकडचं दिसत नाही. अर्धं दार, अर्धं ताट. हात कुठे आहे, ते सापडल्यावरच कळतं. आज गळ्यावर सापडला.

१९ एप्रिल
ती आलीय. रडून आत्याला नकोसं केलं म्हणे — नवरा खाली, सामान आणतोय — मी ओरडले, उजवीकडून ये — एवढीशी आहे, डावं-उजवं कुठलं कळतंय — मांडीवर चढलीच. आई लिहितेय, गप्प बस म्हटलं.

बसलीय गप्प. फारच — ए बाळा — बोल ना — हात — माझा हात कुठे