गुऱ्हाळावर गेलेल्या माश्या

४ जाने. १९७६, रविवार
सूर्यफूल फुललं. वीस गुंठे पिवळंधमक. माश्यांचा मात्र पत्ता नाही. मधाच्या दोन पेट्या बांधाला ठेवून आठ दिवस झाले, रोज सकाळी पाक पाजते, तरी एवढ्या शेतात इकडे दोन, तिकडे तीन. गेल्या वर्षीही निम्मं बी पोचट निघालं होतं. काल जेवताना थोरल्या दिरांनी, आबांनी बजावलं, "यंदा बी तसंच झालं तर ऊस लावनार. पेट्या बी काढून टाका मग, मास्तरीणबाई." मुलींना परागीभवन शिकवणारी मी. झोंबलं.

६ जाने.
शेजारचे तुकाण्णा बांधावरून म्हणाले, "बाई, तुमच्या माश्या आमच्या काहिलीत आंगूळ कराय लागल्यात की." जाऊन पाहिलं. गुऱ्हाळावर झुंबड, उकळत्या रसावर मेलेल्यांचा थर. तुकाण्णा झाऱ्यानं काढत होते. मान वर करवेना.

७ जाने.
आठवीच्या तासाला, फळ्याकडे तोंड असताना उमगलं. मी पाक गुळाचा करते. घरचा गूळ, म्हणून कौतुकानं. म्हणजे रोज सकाळी मीच त्यांना सांगत होते, बायांनो, आज हा वास शोधा. त्यांनी शोधला. कोल्हापूरकरीण मी, गुळाशिवाय दुसरं काय सुचणार. मुली विचारत होत्या, बाई का हसताय.

८ जाने.
साखरेचा पाक. निवल्यावर सूर्यफुलाच्या चकतीतली बारीक फुलं त्यात बुडवून ठेवली होती, उजाडता गाळली. पेटी १ ला तो. पे. २ ला नुसता साखरेचा, फरक कळायला. जाऊबाई म्हणाल्या, "मानसास्नी च्यात साखर न्हाय आनि माश्यास्नी सरबत." खरंच. सगळ्यांनी गुळाचा चहा घेतला.

९ जाने.
काही नाही. आबा येऊन बघून गेले.

११ जाने., रविवार
आल्या. पे. १ च्या दारात प्रत्येकीच्या मागच्या पायाला पिवळे गोळे. फुलावर पाच, सात, पुढे मोजणं सोडलं. पे. २ वाल्या अजून बांधापलीकडे चालल्यात. तुकाण्णांचं गुऱ्हाळ जोरात, शेतभर गुळाचा घमघमाट, आणि तरी माझ्या बाया सूर्यफुलावर. दुपारपर्यंत उन्हात उभी होते, जेवायचं विसरले. मी जिंकले. स्वतःच्या वहीत लिहायला कुणाची चोरी?

१८ जाने., रविवार
अजून मधली फुलं उमलताहेत, कडेचं बी धरलंय. आबांनी एक नखानं फोडलं. आत दूध. दुसरं, तिसरं. एकही पोकळ नाही. मग पंचा खांद्यावर टाकून बराच वेळ पे. १ समोर उकिडवे बसले. मधलं बी कसं निघेल कोण जाणे, उसाचं त्यावरच ठरणार.
उठताना म्हणाले, "त्या दुसऱ्या पेटीला कांद्याच्या फुलाचा पाक पाजून बघता का? बियाच्या वाफ्यावर एक माशी फिरकत न्हाय."
कांद्याचा पाक. माश्या पितील का तरी? हो म्हणून बसले.