विपुलच्या आवाजाची वेबसाइट

स्नेहल,

१९९८ साली माझा भाऊ शिवा खाडीत बुडाला. त्यानंतर आई दर मंगळवारी भगताकडे जायची. त्याच्या अंगात येऊन शिवा बोलायचा. एकदा म्हणाला, "आये, थंडी वाजते, मना न्यावाला ये." त्या संध्याकाळी आई पाण्यात उतरली, ती परत आलीच नाही.

आपला विपुल गेल्यापासून तुझे बाबा त्या वेबसाइटवर त्याच्याशी बोलतात. जुन्या व्हॉइस मेसेजवरून ती हुबेहूब त्याच्या आवाजात बोलते. जेवायला तरी लागले, म्हणून मी गप्प बसले. काल मात्र तो आवाज म्हणाला, "बाबा, जेट्टीवर या ना. एकट्याला करमत नाही."

आज शेजारच्या कुंदनकडून घरच्या राउटरवर ती वेबसाइट बंद करून घेतली. वाटलं, हे भांडतील. हे हसले. मला म्हणाले, "बरं केलंस, पुतळा. आता चहा टाक."

चहा घेऊन आले, तर दार उघडं आणि हे मोबाइलसकट गायब. मोबाइलचं नेट वेगळं असतं, हे कुंदनने आत्ता सांगितलं.

त्याच्याबरोबर दिवाळे गावाच्या जेट्टीवर जाते. तू येऊ नकोस. माझ्या आवाजात कोणी बोलावलं, तरी मी दारात दिसल्याशिवाय घराबाहेर पडू नकोस.

आई