ताईच्या घरचं पाणी

अण्णा, यंदाच्या भाऊबीजेला मी ताईकडे जेवलो. चौमूला, तिच्या घरी, वरण-भात दोनदा मागून घेतला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सांगण्यासारखं पुष्कळ घडलं आणि मी गप्प राहिलो, पण हे सांगितल्याशिवाय चैन पडेना. कपाळाला आठ्या घालू नका, आधी ऐकून घ्या.

पहिल्यांदा तब्येतीचं. माझ्या दोन्ही किडन्या गेल्या वर्षी निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, रंग काळवंडलेला, मोजून प्यायचं पाणी. चार महिन्यांपूर्वी ताईने तिची एक किडनी मला दिली. ऑपरेशननंतर लघवी झाली तेव्हा वॉर्डात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते, एवढा सगळ्यांना आनंद. आता मी ठणठणीत आहे. घड्याळ लावून गोळ्या, तोंडाला मास्क, गर्दीत जायचं नाही, पाणी उकळलेलं, जेवण ताजं आणि घरचं. पाडव्याला शेजारच्या भाभीजी अन्नकूटाचा प्रसाद घेऊन आल्या आणि "प्रसाद को मना नहीं करते, भैया" म्हणून दारात उभ्याच राहिल्या. मी हात जोडले, द्रोण हिच्या हाती दिला आणि वासावर समाधान मानलं. तुम्ही असतात तर मला धर्मबुडवा म्हणाला असतात.

पण मी ताईला आधी नाहीच म्हटलं होतं. तीन महिने नाही म्हणत होतो, आणि आवाज तुमचा होता. लेकीच्या घरचं घ्यायचं नाही. आपल्या साताऱ्याकडे ही रीत लेकीला मूल होईपर्यंतच, मग आजोबा खुशाल नातवाला मांडीवर घेऊन जेवतात. तुम्ही मात्र तीस वर्षं जयपूरला काढलीत आणि इथल्या शेजाऱ्यांची कडक रीत उचललीत, जन्मभराची. वर ती मलाही लावलीत. तासाभरावरच्या चौमूला जाताना तुमच्या हातात फिरकीचा तांब्या असायचा, टिळक नगरच्या आपल्या घरातून भरून घेतलेला. भाचीच्या बारशाला ताईने तुमच्यापुढे आशेने बशीत लाडू ठेवला होता. तुम्ही बाळाचं कौतुक केलंत, बशी बाजूला सरकवलीत आणि तांब्याची फिरकी उघडलीत. ताई हसत होती, पण मी तिचा चेहरा बघत होतो. तीच ताई माझ्या पलंगाशी बसून म्हणाली, "अण्णांना मी साधा चहा पाजू शकले नाही. तुला सोडणार नाही. मतलब, विषय संपला." भाऊजींनी कागदांवर सह्या करून टाकल्या होत्या. मी हरलो, आणि बरं झालं हरलो.

भाऊबीजेला दरवर्षी तीच आमच्याकडे यायची, कारण आपल्या घरचं कुणी तिच्याकडे जेवत नव्हतं. यंदा मी म्हटलं, मी येतो. हिने आधी आकांडतांडव केलं, मग गाडी ठरवली, काचा बंद करायला लावल्या आणि पिशवीत माझ्या उकळलेल्या पाण्याची बाटली टाकली. ताईकडे पोचलो, मास्क काढला आणि सवयीने बाटली टेबलावर ठेवली. ताई ओवाळायचं तबक घेऊन बाहेर येत होती. बाटली बघून ती थबकली. तबक खाली ठेवलं आणि आत निघून गेली. मला क्षणभर काही कळेना, आणि कळलं तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. इतकी वर्षं तुमच्या तांब्यावर चिडलो आणि तोच घेऊन तिच्या दारात उभा राहिलो होतो.

मी मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर स्टीलची टाकी होती, धुतलेल्या फडक्याने झाकलेली. "सकाळी वीस मिनिटं उकळलंय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "डॉक्टरांना फोन करून विचारलं मी. माझी किडनी चालली, पाणी चालत नाही का रे तुला?" मी उभ्या उभ्या दोन पेले प्यालो. बाटली तिच्या तुळशीत रिकामी केली. मग तिने ओवाळलं, वाढलं, आणि शेजारी बसून माझा घास न् घास बघत राहिली. मला रडू येत होतं, पण भात गरम होता, डोळ्यांतल्या पाण्याला तेवढं निमित्त पुरलं.

जेवणं झाल्यावर तिने विचारलं. अकरा वर्षं तिने ते मनात ठेवलं होतं, याची मला कल्पना नव्हती. "अण्णांच्या शेवटच्या दुखण्यात तुम्ही दोघं हॉस्पिटलात होतात तेव्हा मी मुगाचं कढण आणलं होतं बघ. डबा धुऊन परत आला. अण्णांनी घेतलं होतं ना ते?" मी म्हटलं, "सगळं घेतलं. आणखी आहे का म्हणून विचारत होते." ती म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि पदराने डोळे पुसून ताटं उचलायला लागली.

खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे. तिची पाठ वळताच तुम्ही डबा माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात, "वाया जायला नको, तू खा. तिला सांगू नकोस." तेव्हा बरा तुमचा नियम मला लागू नव्हता. तिचं मन मोडू नये असं तुम्हालाही वाटत होतं, एवढं मी धरून चाललोय. तुमच्या नावावर खोटं बोललो, त्याची माफी मात्र मागणार नाही.

हा कागद घरात ठेवायची सोय नाही. ताई आली की सगळी कपाटं आवरते, म्हणून फाडून टाकतो. ते कढण मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून संपवलं, अण्णा, आणि फार सुरेख झालं होतं. एवढंच मला तिला कधी सांगता येणार नाही.