जीपची गळती : माझी निरीक्षणे

३ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी ७
आज नवी वही सुरू. कारण मोठं आहे. सासूबाई (अक्काबाई, मुक्काम नामपूर, वय ७८) अखेर आमच्याकडे नाशिकला कायमच्या यायला तयार झाल्या. उज्वला दोन वर्षं आईला विनवत होती. त्या तिथे एकट्या, दिसतं कमी, गेल्या महिन्यात न्हाणीत पडल्या, तिथे धरायला दांडी बसवायची अजून राहिलीच आहे. अट एकच. सासऱ्यांच्या जीपमधूनच निघणार. म्हणाल्या, एसटीने गेले तर गाव म्हणेल लेकीने म्हातारीला उचलून नेली, मालकाच्या गाडीतून गेले तर मानाने गेले.
रविवारी १६ तारखेला आणायचं. सासरे गेल्यापासून जीप माझ्याकडेच आहे. ठणठणीत आहे. थोडं ऑइल गळतं, ते दोन दिवसांत करतो.

४ नोव्हेंबर
गळतीचं मूळ सापडलं. ऑइल फिल्टर इंजिनाला चिकटून, हात पोचत नसे, म्हणून मागच्या वर्षी मी तो मडगार्डवर आणून बसवला. कल्पना माझी. इंजिनापासून फिल्टरपर्यंत दोन पाइप. ते टोकांशी ओले आहेत. कल्पनेत दोष नाही, पाइपात आहे.
पलीकडच्या गल्लीतला नईम गॅरेजवाला येऊन बघून गेला. बोलतो फार. म्हणे अंबडला एमआयडीसीत जा, प्रेशरचे पाइप टोकं दाबून बनवून मिळतात, अर्ध्या तासाचं काम, आणि तोवर रोज ऑइल बघून वरून घालत जा. मी सांगितलं, मी एकतीस वर्षं ओझरला विमानाच्या कारखान्यात तपासणी विभागात होतो. तो म्हणाला, काका ते ठीक आहे, पण पाइप बदला. उज्वला मागून म्हणाली, रजिस्टरं लिहायचे. हे परक्या माणसासमोर सांगायची काही गरज नव्हती.

६ नोव्हेंबर, दुपारी
पाइप बदलले. अंबडला कोण जातं. हार्डवेअरच्या दुकानात पाण्याचा चांगला जाड पाइप मिळाला. चार क्लॅम्प. नळाला लावतात ती पांढरी टेप. दुकानदाराने विचारलं कशासाठी, म्हटलं विमानासाठी. हसला नाही.
इंजिन सुरू केलं. दहा मिनिटं कोरडं ठाक. अकराव्या मिनिटाला गरम ऑइल अंगावर. शर्ट गेला. क्लॅम्प आणखी आवळले.

७ नोव्हेंबर
आता काम पद्धतशीर. रोज वीस मिनिटं इंजिन चालवायचं, खाली पुठ्ठा, थेंब मोजायचे, पुठ्ठ्यावर तारीख आणि सही. चार श्रेणी ठरवल्या : डाग, ओल, थेंब, धार. आज ६२. म्हणजे थेंब. धार नाही हे महत्त्वाचं.
चाचणी चालू असेपर्यंत वरून ऑइल घालणार नाही. आकडे बिघडतात. हे नईमला कळणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
थेंब ४०. सुधारणा आहे. उज्वलाला पुठ्ठे ओळीने लावून दाखवले. भिंतीला डाग पडतील म्हणाली.
तिचं नामपूरला बोलणं झालं. सासूबाईंनी कोंबड्या शेजारच्या भिमाबाईला देऊन टाकल्या. गोधड्या बांधून ठेवल्या. अजून आठवडा आहे म्हणावं.

११ नोव्हेंबर
थेंब १७. पाइप आपोआप बसतो आहे. रबर तापलं की जागा धरतं. असं पुस्तकात नसतं, अनुभवाने कळतं.
उज्वला म्हणाली, एकदा नईमला दाखवा, माझी आई तिथे भिंत धरून चालते आणि तुम्ही थेंब मोजताय. वाईट वाटलं. मी हे कोणासाठी करतोय?

१३ नोव्हेंबर
थेंब ३. ऑइलच्या प्रेशरचा काटा शून्याजवळ थरथरत असतो. काटा जुना झालाय. सावकाशीने बदलू. इंजिनाचा आवाज जरा खडखडीत. थंडी पडली आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी ८
थेंब शून्य. पुन्हा वीस मिनिटं चालवली. शून्य. पुठ्ठा कोरा. शेरा लिहिला : गळती बंद, पास. खाली तारीख आणि सही.
नईम स्कूटरवरून जाताना थांबला. विचारलं, काका, आत ऑइल किती आहे? म्हटलं, जेवढं होतं तेवढं. तो ऑइल मोजायची कांडी काढून बघणार होता. मी बॉनेट लावून टाकलं. पास झालेल्या कामाला हात लावायचा नसतो.

१६ नोव्हेंबर, रविवार, दुपारी, घरी
सकाळी सव्वानऊला जीपला झेंडूचा हार घालून निघालो. उज्वलाने वास कसला म्हणून विचारलं. म्हटलं, पुढच्या ट्रकचा. ९.४० ला, ओझरच्या अलीकडे, टकटक, मग धाडकन, मग काहीच नाही. इंजिन धरलं, आतून जाम.
कांडी काढली. कोरडी. पुसायलासुद्धा काही नव्हतं.
उज्वलाने कांडी बघितली, माझ्याकडे बघितलं नाही. हात दाखवून नामपूरच्या वाटेवरची सटाण्याची बस थांबवली आणि चढली. नईमला फोन केला. तो गॅरेजची गाडी आणि दोर घेऊन आला. प्रेशरचा काटा काय दाखवत होता, एवढंच विचारलं. शून्य म्हटलं. मग त्याने दोर बांधला आणि जीप नाशिकपर्यंत ओढत आणली.

१७ नोव्हेंबर, सोमवार
उज्वला काल संध्याकाळी परत आली. एकटी.
सासूबाई म्हणे सकाळपासून नवं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या होत्या, शेजारी गोधड्यांचं गाठोडं. हिला पायी येताना बघून तीनदा विचारलं, जीप कोठे शे? हिने खरं सांगितलं. त्या उठल्या, आत गेल्या, गाठोडं सोडलं, भांडी परत फळीवर लावली. हिने पाय धरले. त्या म्हणाल्या, आता या घरातून चौघांच्या खांद्यावरच निघेन.
नईमने इंजिन खोललं. ऑइल नसल्याने आतलं सगळं घासून गेलंय म्हणतो. याचे भाग आता मिळत नाहीत, भंगारात द्या.

१८ नोव्हेंबर, सकाळी
नामपूरला फोन केला. वाटलं, चांगल्या शिव्या घालतील. त्यांनी आधी विचारलं, जवाईबापू, जेवनात का? मग म्हणाल्या, कोंबड्या परत लई उनू (घेऊन आले), तुम्ही काळजी करू नका.
पुढच्या रविवारी दुसरी गाडी घेऊन न्यायला येतो, हे सांगायला म्हणूनच फोन लावला होता. नुसतं तब्येतीला जपा म्हटलं आणि फोन ठेवला. न्हाणीतल्या दांडीचं तेवढं विचारायला हवं होतं, बसवली का म्हणून.