विहिरीतल्याचं चहापाणी

मु. माकणी, ता. उमरगा
१२ मे १९७३

आदरणीय व्याही मल्लिनाथअप्पा यांना शांतलिंगचा सपत्नीक शरणार्थ. इकडे आम्ही सारे खुशाल आहोत, असं पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. आपला दमा कसा आहे? सोलापुरात अजून नळाला पाणी येतं म्हणतात, भाग्य आपलं. आपली सून गौरा आणि चौदा दिवसांची नात, दोघी ठणठणीत आहेत. नाक तुमच्या घरचं आलंय (त्याला आमचा इलाज नाही).

अप्पा, मी चिकट आहे असं आपण लग्नात चारचौघांत म्हणाला होता. मी चिकट नाही, पण हल्ली चहापाण्याच्या नावाखाली जे चाललंय ते मला सोसत नाही. मनिऑर्डर आली की पोस्टमन ओसरीवर बसतो तो उठतच नाही. कंपाउंडर औषधाची बाटली देतो, पण तिचं बूड स्वतःच्या हातात धरून ठेवतो. टँकरवाल्याला गावानं कोंबडी दिली (आम्ही नाही, आमच्यात चालत नाही), तर पलीकडच्या गावानं बकरं कापलं आणि टँकर तिकडेच रमला. बरं, किती द्यायचं विचारावं, तर हसून म्हणतात, तुमची खुशी. भाव सांगितला तर घासाघीस करता येते, खुशीची घासाघीस कशी करायची?

टँकर गेला तेव्हा आमच्या सोसायटीनं ठराव करून जुन्या विहिरीत पिराजी गवंड्याला उतरवलं. विहीर पन्नास हात खोल, भर दुपारीसुद्धा तळ दिसत नाही. पिराजीनं तिथंच कोनाड्यात राहायचं, झऱ्याचं पाणी वाटीनं बादल्यांत भरायचं. दोराला दोन हिसके बसले की आपण ओढायचं. त्याची भाकरी बादलीतूनच जायची. मजुरी सोसायटीची, म्हणजे कुणाला काही द्यायचं कारण नव्हतं. पण लोकांना राहवेल तर! कुणीतरी रिकाम्या बादलीत विडी ठेवली आणि त्याची बादली काठोकाठ आली. मग दुसऱ्यानं गूळ-शेंगा, तिसऱ्यानं टॉवेल. पाडवा झाल्यावर शेजारच्या बिराप्पानं तर किल्लीचं गजराचं घड्याळ सोडलं. ते रोज दुपारी बारा वाजता तळातून वाजायचं आणि कुणीतरी ते बंद करायचं. (किराणा दुकान माझंच असल्यामुळे विड्यांचा खप वाढला, हे नाकारत नाही.) तरी मी तत्त्व म्हणून बादली रिकामी सोडली. ती रिकामीच वर आली. तीनदा. चौथ्यांदा आमच्या मंडळींनी, म्हणजे नागम्मानं, माझ्याच दुकानातलं विड्यांचं बंडल माझ्यादेखत बादलीत टाकलं. पाणी भरून आलं, बर्फासारखं गार. घरात गौराचे दिवस भरले होते, मी घागरी भरून घेतल्या.

नात झाल्यावर पाचव्या दिवशी डिंक-खारीक आणायला उमरग्याला गेलो. स्टँडवर एका माणसानं न सांगता माझं भरलेलं पोतं उचलून एस.टी.पाशी ठेवलं आणि हसत उभा राहिला. ‘मालक, चहापाण्याचं बघा की.’ मी रागानं मान वर केली, तर पिराजी! मी विचारलं, अरे, तू वर कधी आलास? म्हणाला, ‘पाडव्याच्या आदल्या अमावस्येलाच, पहाटं, दगडाच्या खोबणीत पाय दीत. मजुरी कापतेत म्हनून सांगितलं न्हाय. आता खाली कुनी न्हाय मालक.’

मला बिराप्पाचं घड्याळ आठवलं. पोत्यावर बसलो. का आलास म्हणून विचारलं, तर तो जवळ येऊन हळूच बोलला. ‘भाकरीच्या फडक्यात रोज कायतरी घावाया लागलं. वरून आलेलं न्हाय ते. एकदा चांदीचं बटन, एकदा करदोड्याचा तुकडा. मलाच कुनीतरी चहापानी द्यायलं हुतं. काम काय ते सांगितलं न्हाय. सांगायच्या आत म्या पळालो.’ मी त्याला अख्खा रुपया दिला. अप्पा, हे आपण चारचौघांत सांगितलंत तरी चालेल.

गावी येऊन सोसायटीचे सेक्रेटरी मच्छिंद्र यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘पाणी येतंय न्हवं? मग गप बसा की. मजुरीबी वाचली.’ पुढच्या बैठकीत त्यांनी आभाराचा ठराव केला. आभार कुणाचे, ती जागा कोरी सोडली आहे. मला मात्र भीती वाटते. विहिरीवर जाऊच नये असं वाटतं, आणि तरी रोज जावं लागतं, कारण बाळंतिणीच्या घरी पाण्यावाचून चालत नाही.

बाकी ठीक. विहीणबाईंना शरणार्थ सांगावा.

आपला
शांतलिंग

ता. क. सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतिणीला माहेराहून हलवत नाहीत, हे मला कळतं. तरी पत्र मिळताच जीप करून या आणि गौराला व बाळाला घेऊन जा. लोकांना सांगा, व्याह्याला खर्च झेपला नाही. चिकट म्हणून माझं नाव झालेलंच आहे, ते एकदा कामी येऊ द्या. ड्रायव्हरचं चहापाणी मी देईन, त्याच्या खुशीनं.

ता. क. २. कारण लिहिणार नव्हतो, पण आपण त्याशिवाय निघणार नाही. परवा बारसं झालं. काल बादलीत पाण्याबरोबर एक वाळा आला. चांदीचा, काळा पडलेला, तान्ह्या मुलाच्या पायातला. मी तो विड्यांच्या बंडलासह तसाच परत सोडला. आज बंडल परत आलं, कोरडं. सोबत दोन वाळे. दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून मी बादली ओसरीवर ठेवून गेलो, तेवढ्यात ते गौराला सापडले. मीच ते आणले असं तिला वाटलं, आजोबांचा हात अखेर सैल सुटला म्हणून रडू आलं. तिनं ते चिंचेनं घासून लख्ख केले आणि बाळाच्या पायात घातले. अगदी मापाचे बसले आहेत.