ऐंशी कानांची प्रार्थना

वहिनी,

सलाम. 'सप्रेम' लिहायला आज जरा जड जातंय.

माझी मुलगी माझ्याशी बोलत नाही, हे मी तुला एकटीला सांगितलं होतं, तुझ्या स्वयंपाकघरात, तू भांडी पुसत असताना. बुधवारी प्रार्थनासभेत तू तिच्यासाठी प्रार्थनेची विनंती केलीस, तीही सकारण; जावयाला मी काय बोललो ते शब्दशः. सहा कानांत गेलेली गोष्ट फुटते, असं मी संस्कृतच्या वर्गात शिकवतो. तू ऐंशी कानांची सोय केलीस आणि वर आमेन म्हणवून घेतलंस. मला शिसारी आली.

परवा त्यातल्याच एका भगिनीने मुलीला फोन केला. "बाळ, वडिलांना क्षमा कर. आम्ही सगळे गुडघे टेकून बसलोय."

मुलीने मला एवढंच विचारलं, "बाबा, गावभर केलंत?"

गेल्या महिन्यात कुठे ती माझा फोन उचलू लागली होती. आता पुन्हा उचलत नाही.

आपल्या माणसाचं चुकलं तर आधी त्याला एकांतात सांगावं, ही प्रभूचीच शिकवण. पण तुमच्याकडे पत्रं जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचतात, म्हणून हे पाठवत नाही. रविवारी उपासनेनंतर स्वतः येतो. भांडी मी पुसेन. तू फक्त दार लावून घे.

अजून तरी तुझाच,
धाकटा दीर