उजवा डोळा झाकून

पुणे, १८ जानेवारी २०२५

अप्पा, शरणार्थ.

तुम्ही, आई, रुद्रेश सगळे बरे असाल. माझा खोकला गेला, मेसची भाजी मात्र अजून तशीच पातळ आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं आई विचारेल. तिला सांगा, तुम्ही दुकानात फोन स्पीकरवर ठेवता आणि ब्लाउजपीस घ्यायला आलेल्या बाया माझं सगळं बोलणं फुकटात ऐकतात. म्हणून हे पाकीट नागेशकाकांच्या हाती देतेय. माल घ्यायला ते इकडे आलेत, आज रात्रीच वालूरला परत निघतील. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, हसू नका.

शेवटचं वर्ष म्हणजे वर्ग कमी आणि दवाखाना जास्त. नंबर काढते, डोळ्याचा दाब मोजते, पडदा बघायच्या आधी थेंब घालते. परवा एका आजोबांनी तक्त्यावरची अक्षरं धडाधड म्हणून दाखवली. मी खूश होऊन 'नजर छान' असं लिहूनसुद्धा टाकलं. मग कळलं, रांगेत बसल्या बसल्या त्यांनी तक्ता पाठ केला होता. रेणुका मॅडमनी मला सगळ्यांसमोर झापलं.

तुम्ही गावभर 'माझी लेक डोळ्याची डॉक्टर' म्हणून सांगता. किती वेळा सांगितलं, डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट. आम्ही डोळा तपासतो, चष्मा देतो, आणि काही वावगं दिसलं तर वेळेत डॉक्टरांकडे पाठवतो. हे पाठवायचं काम मला सगळ्यात सोपं वाटायचं. या आठवड्यात तसं राहिलं नाही.

मंगळवारी एक शिंपीकाका आले. त्यांच्या हातात मी चौकटींचा कागद दिला. बारीक उभ्याआडव्या रेघा आणि मधोमध ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा कशा दिसतात ते सांगायचं. ते म्हणाले, "मधल्या रेघा वाकल्यात. हलायल्यात बघा. ठिपका तर गेलाच." मॅडम पुढचं काही सांगत होत्या, पण माझं लक्ष उडालं. मला तुमची कापड मोजायची पट्टी आठवली.

दिवाळीत ती लोखंडी पट्टी, नेहमीसारखा डावा डोळा मिटून, समोर धरून तुम्ही रुद्रेशवर ओरडला होतात, "कुठं आपटली रे? पार वाकली की ही!" पट्टी सरळ होती. त्याने फरशीवर टेकवून दाखवली तरी तुमचं आपलं तेच, "मला काय दिसत न्हाई व्हय?" आम्ही पोट धरून हसलो होतो.

आणि मग पूजेचं. इथवर लिहिलं आणि चहा करायला उठले, अप्पा. आता लिहितेच.

तळहातावर इष्टलिंग धरून बघत बसलं की मधोमध धुकं उजळतं, कडा हलायला लागतात आणि लिंग विरघळून जातं, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा आई रडली होती. गल्लीतल्या बाया तुमच्या पाया पडायला लागल्या. तुमचा राग गेला, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणं गेलं. आजी गेल्यापासून तुम्हाला इतकं शांत मी पाहिलं नव्हतं. त्या शांतपणाला हात लावायची माझी छाती होत नाही. पण शिंपीकाका जे बोलले ते अगदी तुमचंच वर्णन होतं, आणि त्यांच्या हातात लिंग नव्हतं.

त्यांच्या डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध, जिथे आपली बारीक नजर असते, तिथे पाणी साठलं होतं. फार उशिरा आले. गेलेली नजर आता परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. लवकर आलं तर इंजेक्शन देऊन राहिलेली वाचवता येते.

माझी चूक असेल तर मी आनंदाने शिव्या खाईन. एवढंच करा. पूजेला बसलात की आधी डावा डोळा झाकून लिंगाकडे बघा, मग उजवा झाकून. महादेवाने कृपा केली असेल तर ती दोन्ही डोळ्यांवर सारखीच असेल. एकाच डोळ्याला तसं दिसत असेल तर सेलूहून मिळेल ती गाडी पकडा आणि इकडे या. तुमच्या देवाशी मला वाद घालायचा नाही. डोळा मात्र माझ्या अभ्यासातला आहे, तेवढा मला बघू द्या.

मला भीती वाटतेय, अप्पा.

तुमची
रंजी

वालूर, २१ जानेवारी २०२५

चि. शिवरंजनीस अनेक आशीर्वाद.

पाकीट पोचलं. आधी लय राग आला. चार बुकं शिकून पोरगी देवाचीच तपासणी करायला निघाली, असं वाटलं. घडी करून गल्ल्यात टाकलं, पण दिवसभर हात तिकडेच जात होता. काल सकाळी तू सांगितलं तसं केलं.

डावा डोळा झाकला तर लिंगच नाही. कडेची बोटं तेवढी दिसली. मग उजवा झाकला. लिंग जसंच्या तसं हातात. काळंभोर, आणि त्यावर समईच्या ज्योतीचा बारीक ठिपका. माझ्या वडिलांनी पूजा शिकवली तेव्हा त्या ठिपक्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं. नजर लावताना डावा डोळा मिटायची माझी जुनी सवय, म्हणून वर्षभर तो मला दिसला नव्हता, आणि मी समजत होतो की मी त्याच्याही पुढे गेलो.

पुन्हा पुन्हा डोळे पालटून बघितलं. तुझ्या आईने विचारलं, "आज लय वेळ लागला?" मी म्हणालो, "काही न्हाई." मग ती रोजच्यासारखी पाया पडली आणि मी पडू दिलं. तिला मीच सांगेन. तू फोनवर काही बोलू नको.

तुझ्यावर राग नाही. पण बरं वाटलं असंही खोटं कशाला लिहू? रिकामं वाटतंय. लोक पाया पडतात ते मला आवडायला लागलं होतं, बाई.

उद्या निघतो. हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुझ्या हातात देईन आणि दवाखान्याबाहेर बाकावर जाऊन बसेन, कारण एवढं तोंडाने बोलायला मला जमायचं नाही. वाचून झालं की आत बोलव.

उजव्याचं जे व्हायचं ते होईल. डावा नीट बघ. तो ठिपका मला आता सोडायचा नाही.

अप्पा